मयताचे मासिक उत्पन्न

मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे जो अर्ज करावा लागतो, त्यात मयताचे मासिक उत्पन्न विचारणारा एक रकाना असतो. त्याच्या आगेमागे बरेच काही विचारलेले असते. मयताचे नाव, वय, कामधंदा, अपघाताची जागा आणि वेळ, गाडीचा नंबर, चालक कोण, मालक कोण, विमा कोणत्या कंपनीचा. ही उत्तरे पोलिसांच्या कागदांत सापडतात. उत्पन्नाचे उत्तर मात्र घरच्यांनाच द्यावे लागते, आणि नुसते देऊन भागत नाही, ते शाबीत करावे लागते. पगाराच्या स्लिपा, फॉर्म १६, आयकराचे विवरणपत्र, बँकेचे पासबुक. ज्याच्या कपाटात हे कागद आहेत त्याच्या मरणाचा हिशेब एक होतो, ज्याच्याकडे नाहीत त्याचा वेगळा.

पुण्यात अपघाती मृत्यूंबद्दल अलीकडे जेवढे बोलले गेले, तेवढे पूर्वी कधी बोलले गेले नसेल. १९ मे २०२४ च्या पहाटे अडीचच्या सुमारास कल्याणीनगरमध्ये भरधाव पोर्शे गाडीने एका मोटारसायकलला धडक दिली आणि मध्य प्रदेशातून नोकरीसाठी पुण्यात आलेले दोन तरुण अभियंते गेले. दोघेही अवघ्या चोवीस वर्षांचे. गाडीची कायमची नोंदणी झालेली नव्हती, आणि चालवणाऱ्या मुलाला अठरा वर्षे पूर्ण व्हायला काही महिने बाकी होते. पुढचे सगळे पुणेकरांना तोंडपाठ आहे : काही तासांत मिळालेला जामीन, तीनशे शब्दांच्या निबंधाची अट, ससून रुग्णालयात रक्ताचे नमुने बदलल्याच्या आरोपावरून डॉक्टरांना झालेली अटक, जून २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने मुलाला निरीक्षणगृहातून सोडण्याचा दिलेला आदेश, आणि जुलै २०२५ मध्ये त्याच्यावर प्रौढ म्हणून खटला चालवण्याची पोलिसांची मागणी बाल न्याय मंडळाने फेटाळणे. राज्य सरकारने दोन्ही कुटुंबांना मुख्यमंत्री साहाय्यता निधीतून प्रत्येकी १० लाख रुपये जाहीर केले, त्याचीही बातमी झाली.

त्या दोन घरांच्या खासगी निर्णयांत डोकावण्याचे मला काही कारण नाही. पण या सगळ्या गदारोळात एक गोष्ट आपण नागरिक म्हणून विसरलो. प्रत्येक प्राणघातक अपघाताचे दोन खटले होतात. एक फौजदारी. तो सरकार विरुद्ध आरोपी असा चालतो, त्यात मयताचे कुटुंब फार तर साक्षीदार असते. दुसरा असतो भरपाईचा दावा. तो कुटुंबाचा स्वतःचा असतो. त्यात आई, वडील, बायको, मुले अर्जदार असतात आणि चालक, मालक व विमा कंपनी जाबदार असतात. पहिल्या खटल्याच्या प्रत्येक तारखेला कॅमेरे असतात. दुसरा शिवाजीनगरच्या जिल्हा न्यायालयात, मेट्रो स्टेशनपासून हाकेच्या अंतरावर, रोजच्या बोर्डावर इतर प्रकरणांच्या रांगेत पुकारला जातो, आणि अर्जदाराच्या घराबाहेरच्या कुणाला त्याचा पत्ता नसतो.

माझे म्हणणे सरळ आहे. भरपाईचा आपला कायदा चांगला आहे, बहुतेकांना वाटतो त्यापेक्षा बराच चांगला. तो तोकडा पडतो अपघाताच्या जागेपासून न्यायाधिकरणाच्या दारापर्यंतच्या वाटेवर, पहिल्या काही आठवड्यांत, जेव्हा घरातले लोक दहाव्या-तेराव्याच्या तयारीत असतात.

मूळ कल्पना जुनी आहे. जुन्या इंग्रजी कायद्यात माणूस मेला की त्याचा दावाही त्याच्याबरोबर मरत असे. जखमी माणूस नुकसानभरपाई मागू शकत होता, मेलेल्याच्या विधवेला मात्र काही मागता येत नव्हते. रेल्वे आली, अपघात वाढले, आणि १८४६ मध्ये इंग्लंडला कायदा बदलावा लागला. त्याच धर्तीवर १८५५ मध्ये हिंदुस्थानात 'फेटल अॅक्सिडेंट्स अॅक्ट' आला. पती, पत्नी, आईवडील आणि मुले यांच्यासाठी दावा करता येऊ लागला, पण तो दिवाणी न्यायालयात, कोर्ट फी भरून, वर्षानुवर्षे. मोटारगाड्यांसाठी वेगळी न्यायाधिकरणे १९५६ च्या दुरुस्तीने आली. आज आपण ज्याखाली दावा करतो तो मोटार वाहन कायदा १९८८ चा आहे, त्यातले कलम १६६.

या कलमाची बलस्थाने सामान्य माणसाला कुणी सांगत नाही. फौजदारी खटल्यात गुन्हा निःसंशय शाबीत व्हावा लागतो. दाव्यात तसे नाही. चालकाचा निष्काळजीपणा असण्याची शक्यता नसण्यापेक्षा जास्त आहे एवढे दाखवले तरी पुरते. सर्वोच्च न्यायालयाने २००९ पासून हे वारंवार सांगितले आहे. म्हणून फौजदारीत चालक सुटला तरी दावा टिकू शकतो. दावा अपघाताच्या जागीच करायला हवा असेही नाही. अर्जदार जिथे राहतात तिथल्या न्यायाधिकरणातही तो चालतो. पुण्यासारख्या शहरात याचे मोल फार आहे, कारण इथल्या रस्त्यांवर मरणाऱ्यांत लातूर, अमरावती, बिहार, मध्य प्रदेशातून कामाला आलेली माणसे असतात. म्हाताऱ्या आईवडिलांनी दर तारखेला पुण्याला खेटे घालण्याची गरज नाही. शिवाय अर्जात मागितली त्यापेक्षा जास्त रक्कम देण्याचा अधिकारही न्यायाधिकरणाला आहे. कायद्यातला शब्द 'न्याय्य भरपाई' असा आहे, आणि मागणारा कमी मागून चुकला म्हणून न्याय कमी होत नाही.

भरपाईचा हिशेब कसा करतात, हे प्रत्येक घराला माहीत असावे. १९८८ च्या एप्रिलमध्ये कृषी संशोधन परिषदेतला अडतीस वर्षांचा एक शास्त्रज्ञ दिल्लीत बसच्या अपघातात गेला. त्याच्या कुटुंबाचा दावा सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचला आणि निकाल लागला १५ एप्रिल २००९ रोजी, म्हणजे एकवीस वर्षांनी. 'सरला वर्मा' या नावाने तो निकाल ओळखला जातो. तोवर प्रत्येक न्यायाधिकरण आपल्या अंदाजाने रक्कम ठरवत होते. या निकालाने तक्ता घालून दिला. मयताचे वार्षिक उत्पन्न घ्यायचे, त्यातून त्याचा स्वतःवरचा खर्च वजा करायचा, उरलेल्याला वयाप्रमाणे ठरलेल्या आकड्याने गुणायचे. पंचविशीपर्यंत १८, सव्विस ते तीस १७, मग उतरत उतरत पासष्टीनंतर ५. अविवाहिताचा स्वतःवरचा खर्च निम्मा धरतात, विवाहिताच्या घरात चार ते सहा अवलंबून असतील तर पाव. ३१ ऑक्टोबर २०१७ रोजी 'प्रणय सेठी' खटल्यात पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने यात भर घातली : माणूस जगता तर त्याचे उत्पन्न वाढले असते, ती वाढही धरायची. कायम नोकरी आणि चाळिशीच्या आत असेल तर ५० टक्के. स्वतःचा धंदा किंवा ठरावीक पगार असेल तर चाळिशीच्या आत ४० टक्के, चाळीस ते पन्नास वयात २५ टक्के.

आता दोन उदाहरणे करून पाहू. दोन्ही काल्पनिक, पण दोन्ही या शहरातली.

हिंजवडीत कायम नोकरीत असलेली चोवीस वर्षांची अविवाहित मुलगी, कर वजा जाता पगार महिना ६०,००० रुपये. वर्षाचे ७ लाख २० हजार. त्यात पन्नास टक्के वाढ धरली की १० लाख ८० हजार. निम्मे तिच्या स्वतःच्या खर्चाचे वजा केले की ५ लाख ४० हजार. गुणिले १८. भरपाई ९७ लाख २० हजार. त्यावर अंत्यविधीचा खर्च, आईवडिलांना मुलीच्या सहवासाला मुकल्याबद्दलची ठरावीक रक्कम, आणि दावा दाखल केल्या दिवसापासूनचे व्याज.

जनता वसाहतीत राहून सहा घरची धुणीभांडी करणारी पंचेचाळीस वर्षांची बाई, महिना १२,००० रुपये. वर्षाचे १ लाख ४४ हजार. पंचवीस टक्के वाढ धरून १ लाख ८० हजार. घरात चार जण अवलंबून, म्हणून पाव वजा. राहिले १ लाख ३५ हजार. गुणिले १४. भरपाई १८ लाख ९० हजार. पण तिच्याकडे पगाराचा कागद नाही. पैसे रोख मिळतात. सहा घरांपैकी दोन मालकिणींनी साक्षीला यायची तयारी दाखवली तर नशीब. नाही आल्या आणि न्यायाधिकरणाने अंदाजाने महिना ८,००० धरले, तर तोच हिशेब १२ लाख ६० हजारांवर येतो. एका कागदाअभावी सहा लाख तीस हजार रुपये गेले. त्या घरातल्या मुलाचे कॉलेज त्यात झाले असते.

म्हणून उत्पन्नाच्या रकान्याबद्दल मला इतके बोलायचे आहे. रस्त्यावर आणि ससूनच्या शवागारात दोन मृत्यू सारखे असतात, हिशेबाला बसले की ते वेगळे होतात. याला थोडाफार इलाज आहे, तो म्हणजे पुरावा. घरकाम करणारीला बँकेतून किंवा यूपीआयने पगार देणे, रिक्षावाल्याने विवरणपत्र भरणे, फेरीवाल्याने पथविक्रेत्याचे प्रमाणपत्र जपून ठेवणे, हे सगळे उद्या त्याच्या बायकापोरांच्या कामी येणारे कागद आहेत.

आणि जी बाई घरातच राबते? तिचे उत्पन्न शून्य असे लिहिण्याची रीत फार काळ होती. २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गृहिणीच्या श्रमाचे मोल महिना ३,००० रुपये धरले. जानेवारी २०२१ च्या एका निकालात न्यायालयाने याच्या मुळाशी हात घातला. देशातल्या वेळेच्या वापराच्या सरकारी पाहणीचा आधार तिथे घेतला गेला : घरकामाला बायका दिवसाला सरासरी २९९ मिनिटे देतात आणि पुरुष ९७ मिनिटे. गृहिणीचे उत्पन्न धरणे म्हणजे तिच्यावर उपकार नाहीत, तिच्या कामाची ती दखल आहे, अशी त्या निकालाची भूमिका आहे. तरीही तडजोडीच्या बोलण्यात विमा कंपनीकडून 'त्या काही कमावत नव्हत्या' हे वाक्य येऊ शकते. नातेवाइकांनी ते मान्य करता कामा नये.

कल्याणीनगरहून नगर रस्त्याने पुढे गेले की वाघोली लागते. २२ डिसेंबर २०२४ च्या मध्यरात्रीनंतर केसनंद फाट्याजवळ फुटपाथवर झोपलेल्या मजुरांच्या अंगावर डंपर गेला. चालक दारू प्यायलेला होता. तिघे गेले, त्यांत एक आणि दोन वर्षांची दोन बालके. अमरावतीकडून पोटासाठी आलेली ही माणसे होती. या घटनेवरही दोन-तीन दिवस चर्चा झाली, मग ती थांबली. त्याआधी सात महिने याच रस्त्याच्या अलीकडच्या टोकाला, कल्याणीनगरमध्ये, झालेल्या अपघाताला जो वेळ मिळाला, त्याच्या पासंगालाही पुरेल एवढा याला मिळाला नाही.

एक वर्षाच्या बाळाचे मासिक उत्पन्न काय लिहायचे? कायद्याच्या जुन्या परिशिष्टात न कमावणाऱ्याचे कल्पित उत्पन्न वर्षाला १५,००० रुपये दिलेले होते. १९९४ मध्ये ठरलेला हा आकडा वर्षानुवर्षे तसाच राहिला. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका दहा वर्षांच्या मुलाच्या मृत्यूत तो ३०,००० धरला आणि एकूण पाच लाख दिले. २०२५ मध्ये, अपघातात कायमचे अपंगत्व आलेल्या मुलाच्या प्रकरणात, त्याच न्यायालयाने म्हटले की लहान मुलाला बिनकमाईचे समजू नये, त्या राज्यातल्या कुशल कामगाराचे किमान वेतन धरावे. तो मुलगा जखमी होता, पण जो तर्क जखमी मुलाला लागू होतो तो मेलेल्या मुलाला का लागू होऊ नये, हे मला कळत नाही. फुटपाथवर झोपलेले मूल मोठे होऊन काय झाले असते, हे आधीच ठरवून टाकायचा अधिकार कुणालाच नाही.

निष्काळजीपणा कशाला म्हणायचे, यावर पुण्याच्या संदर्भातला एक निकाल मुद्दाम सांगण्यासारखा आहे. २५ ऑक्टोबर २०१० रोजी अडतीस वर्षांचा एक माणूस दोन सहकाऱ्यांबरोबर मोटारीने पुण्याहून मुंबईला निघाला होता. गाडी सहकाऱ्याची, तोच चालवत होता, वेग फार होता. मागचे टायर फुटले आणि गाडी खोल खड्ड्यात गेली. न्यायाधिकरणाने २०१६ मध्ये कुटुंबाला सव्वा कोटी रुपये मंजूर केले. विमा कंपनी उच्च न्यायालयात गेली. टायर फुटणे ही दैवी आपत्ती आहे, त्यात चालकाचा काय दोष, असे तिचे म्हणणे. फेब्रुवारी २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती शिवकुमार डिगे यांनी ते अपील फेटाळले. दैवी आपत्ती म्हणजे माणसाच्या हातात नसलेला निसर्गाचा कोप. टायर फुटते ते वेगामुळे, हवा कमी किंवा जास्त भरल्यामुळे, जुने टायर लावल्यामुळे, उन्हाने तापल्यामुळे. निघण्याआधी टायर पाहणे हे चालकाचे काम आहे. ते फुटण्यामागे कुणाची चूक नव्हती, हे कंपनीने पुराव्याने दाखवायला हवे होते, नुसते दैवाचे नाव घेऊन चालणार नाही.

मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावरच्या कितीतरी मरणांवर आपण 'नशीब', 'घात', 'वेळ आली होती' असे बोलून पडदा टाकतो. अभिनेत्री भक्ती बर्वे १२ फेब्रुवारी २००१ रोजी त्याच मार्गावर भाताणच्या बोगद्याजवळ गेल्या, तेव्हाही घरोघरी हेच शब्द उच्चारले गेले असतील. सांत्वनाला ते ठीक. दाव्यात या शब्दांची किंमत मोजावी लागते, कारण ते जबाबदार माणसाला मोकळे सोडतात.

विमा कंपनीच्या वकिलाचा दुसरा आवडता बचाव म्हणजे मयताचीही चूक होती. हेल्मेट नव्हते, ट्रिपल सीट होते. पुण्यात हे लागू पडणार नाही असे घर विरळा. २०२२ मध्ये देशभरात रस्त्यांवर १ लाख ६८ हजार ४९१ माणसे मेली, त्यांत सुमारे ४४ टक्के दुचाकीवरची. महाराष्ट्रातला आकडा १५,२२४. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की तिघे एका मोटारसायकलवर होते हा नियमभंग खरा, पण त्या तिसऱ्या माणसामुळेच धडक झाली किंवा मार अधिक बसला हे दाखवल्याशिवाय त्यासाठी भरपाई कापता येत नाही. हेल्मेट घालाच, त्याबद्दल दुमत नाही. मात्र मागून आलेल्या गाडीने उडवले असेल तर 'आमच्याच पोराची चूक होती' हे तपास अधिकाऱ्यापुढे हात जोडून कबूल करू नका. पहिल्या जबाबात गेलेले वाक्य दाव्यात शेवटपर्यंत पाठ सोडत नाही.

चालकाकडे परवाना नसेल, तो दारू प्यायलेला असेल, सज्ञान नसेल, तर विमा कंपनी हात वर करते, असा समज आहे. तो अर्धाच खरा आहे. २००४ च्या एका निकालापासून तत्त्व रुळले आहे ते असे : रस्त्यावरच्या तिसऱ्या माणसाचा यात काही दोष नाही, म्हणून कंपनीने आधी त्याच्या कुटुंबाला पैसे द्यावेत आणि मग मालकाकडून वसूल करावेत. २०११ मध्ये एका अल्पवयीन मुलाने दुचाकी नेऊन अपघात केला त्या प्रकरणातही असेच झाले. मुलगा न विचारता गाडी घेऊन गेला हा मालकाचा बचाव चालला नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर तर अल्पवयीनाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालक किंवा मालक दोषी मानला जातो. तीन वर्षांपर्यंत कैद, २५,००० दंड, गाडीची नोंदणी वर्षभर रद्द, आणि त्या मुलाला पंचविशीपर्यंत परवाना नाही. बारावीच्या निकालाची भेट म्हणून गाडीची किल्ली हातात देणाऱ्या आईबापांनी हे भिंतीवर लावावे. वसुली त्यांच्या घरावर येते.

धडक देऊन पळालेली गाडी सापडलीच नाही, तर १ एप्रिल २०२२ पासून सरकारी योजनेतून मृत्यूला दोन लाख मिळतात. आधी ही रक्कम २५,००० होती. चूक कुणाची हा प्रश्नच न काढता पाच लाख घेण्याचा मार्गही आहे, पण तो घेतला की कलम १६६ चा दावा मिटतो. घाईने पाच लाखांवर सही करण्याआधी वरच्यासारखा हिशेब कागदावर मांडून पाहावा. आयुर्विम्याचे पैसे मिळाले म्हणून भरपाईतून काही कापले जात नाही, हे एसटी महामंडळ पक्षकार असलेल्या एका खटल्यात १९९८ सालीच ठरले आहे.

आता त्या पहिल्या काही आठवड्यांकडे येतो. दावा उभा राहतो तो कागदांवर : प्रथम खबर, घटनास्थळाचा पंचनामा, मरणोत्तर पंचनामा, शवविच्छेदन अहवाल, आरटीओचा गाडी तपासणी अहवाल, आरसी, परवाना, विम्याची पॉलिसी. महाराष्ट्रातल्या वकिलांच्या तोंडी 'कॉम्प एए' हा पोलिसांनी भरून द्यायचा फॉर्म कायम असतो. तो मिळवण्यासाठी नातेवाईक चौकीत चकरा मारतात. या चकरांच्या वाटेवरच 'सगळे बघून घेतो, रकमेत इतके टक्के' असे सांगणारा माणूस भेटतो. निकालावर टक्केवारी ठरवून फी घेणे वकिलांना बार कौन्सिलच्या नियमांनी मना आहे. तसा करार कुणी पुढे केला तर सही करू नये. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय न्यायालयातच आहे आणि महिलांना तिथून मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो.

वास्तविक या चकरा मारायची वेळच यायला नको. १ एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या केंद्रीय नियमांनुसार अपघाताचा पहिला अहवाल तपास अधिकाऱ्याने ४८ तासांत न्यायाधिकरणाकडे आणि विमा कंपनीकडे पाठवायचा आहे. पन्नास दिवसांत अंतरिम अहवाल, नव्वद दिवसांत सविस्तर. तो सविस्तर अहवालच भरपाईचा अर्ज म्हणून धरता येतो. शिवाय तपास अधिकाऱ्याने कुटुंबाला त्यांचे हक्क सांगणारा एक छापील फॉर्म द्यायचा आहे. म्हणजे कायद्याने दावा कुटुंबाकडे चालत जायचा आहे, कुटुंबाने दाव्याकडे नाही. हे कागदावर इतके स्वच्छ असूनही डिसेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला आदेश काढावा लागला, की राज्यांनी यासाठी पोलिस ठाण्यांत प्रशिक्षित माणसांचे स्वतंत्र पथक नेमावे.

यात एक गोष्ट काळजीची आहे. याच नियमांबरोबर, १ एप्रिल २०२२ पासून, दावा सहा महिन्यांत करण्याची अट परत आली. १९९४ मध्ये संसदेने ती काढून टाकली होती. जे कुटुंब गावी निघून गेले, ज्याला दाव्याचा हक्क आहे हेच माहीत नाही, त्याच्यासाठी सहा महिने काहीच नाहीत. या मुदतीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेले आहे, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये न्यायालयाने अंतरिम आदेश दिला की तूर्त केवळ उशिराच्या कारणावरून दावे फेटाळू नयेत. अंतिम निकाल यायचा तेव्हा येईल. तोवर प्रत्येकाने सहा महिनेच हातात आहेत असे धरून चालावे.

पुण्याच्या नवले पुलाच्या उतारासारख्या जागी जबाबदार कोण हा प्रश्न आणखी अवघड होतो. कात्रजच्या नव्या बोगद्यातून बाहेर पडले की तीव्र उतार लागतो, अवजड गाड्यांचे ब्रेक तापतात आणि खाली शहराची वाहतूक उभी असते. २० नोव्हेंबर २०२२ रोजी तिथे चाळीसहून अधिक गाड्या एकमेकींवर आदळल्या. १३ नोव्हेंबर २०२५ ला दोन अवजड गाड्यांच्या मध्ये मोटार चिरडून आग लागली आणि आठ जण गेले. दाव्यात ट्रकचा चालक, मालक, विमा कंपनी जाबदार होतात. उतार ज्याने आखला त्याचे काय? रस्त्याच्या सदोष आखणीबद्दल कायद्यात २०१९ पासून दंड आहे, जास्तीत जास्त एक लाख रुपये. आठ माणसांच्या मरणापुढे हा आकडा लिहितानाही लाज वाटते.

मावळातला एक दावा इथे सांगायला हवा, कारण भरपाई कशाची असते हे त्यात नेमके कळते. २०१० मध्ये कामशेतहून लोणावळ्याकडे मोटारसायकलवर मागे बसून निघालेला एक तरुण भरधाव रिक्षाच्या धडकेत गेला. त्याची बायको तेव्हा एकोणीस वर्षांची होती. दावा चालू असतानाच तिने दुसरे लग्न केले. विमा कंपनीने उच्च न्यायालयात मुद्दा काढला : तिचा संसार आता नव्याने उभा राहिला, मग पहिल्या नवऱ्याच्या मृत्यूची भरपाई तिला कशाला? मार्च २०२३ मध्ये न्यायमूर्ती डिगे यांनीच तो मुद्दा नाकारला. भरपाई मिळावी म्हणून एखाद्या बाईने जन्मभर, किंवा पैसे हातात पडेपर्यंत, विधवा राहावे अशी अपेक्षा करता येत नाही. अपघात झाला तेव्हा ती त्याची पत्नी होती, एवढे पुरे. तेरा वर्षांनी आलेले हे उत्तर. त्या तेरा वर्षांत ती एकोणिसाची बत्तीस वर्षांची झाली.

लोकअदालतीत प्रकरण याहून लवकर मिटते, पैसे लवकर मिळतात, पुढे अपिलाचा ससेमिरा राहत नाही. ते खरोखर सोयीचे आहे, पण तडजोडीच्या टेबलावर बसताना आपला आकडा आपल्याला माहीत असला पाहिजे. नव्वद लाखांचा हिशेब बसत असताना 'पंचेचाळीस आज घ्या' या बोलण्याला होकार द्यायचा की नाही, हे डोळे उघडे ठेवून ठरवावे.

आणि मंजूर झालेले पैसेही घरी पोहोचतातच असे नाही. गुजरातमधल्या एका निवृत्त न्यायाधीशाच्या पत्रावरून सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली, तेव्हा न्यायाधिकरणांत भरपाईच्या मोठ्या रकमा दावेदारांवाचून पडून असल्याचे पुढे आले. पत्ते बदललेले, वकील बदललेले, आई वारलेली. एप्रिल २०२५ मध्ये न्यायालयाने सांगितले की अर्ज घेतानाच बँक खात्याचा आणि आधारचा तपशील घ्यावा, आणि विधी सेवा प्राधिकरणांनी अशा माणसांना शोधून काढावे.

दाव्याचा हक्क कुटुंबापर्यंत वेळेत पोहोचवणे पुण्यात अवघड नाही. ससूनच्या शवागाराबाहेर पोलिस हवालदार नातेवाइकांकडून मृतदेह ताब्यात मिळाल्याची सही घेतो. त्याच वेळी हक्क सांगणारा तो छापील फॉर्म मराठीत, आणि गरज असेल तिथे हिंदीत, त्यांच्या हातात द्यावा, आणि खाली विधी सेवा प्राधिकरणाचा दूरध्वनी लिहावा. पोलिस आयुक्तालयाने दर तीन महिन्यांनी दोन आकडे जाहीर करावेत : शहरात प्राणघातक अपघात किती झाले, आणि त्यांतल्या किती अपघातांचा पहिला अहवाल ४८ तासांच्या आत शिवाजीनगरला पोहोचला. हेल्मेटच्या कारवाईत किती दंड जमा झाला हे पेपरात छापून येते, त्याच पानावर हेही यावे.